रकान्याची लांबी आणि मराठी अक्षर

शाळेच्या जनरल रजिस्टरांत विद्यार्थ्याच्या नांवासाठीं एक रकाना आंखलेला असतो. स्वतःचें नांव, वडिलांचें नांव व आडनांव मिळून मजकूर लांबला, तर कारकून अक्षर बारीक काढतो, उरलेला भाग खालच्या ओळींत घालतो, आणि अगदींच नाइलाज झाला तर समासांत लिहितो. रकाना आंखणाऱ्यानें किती जागा धरली होती, याची त्या मुलाच्या नांवाला झळ लागत नाहीं. यंत्राच्या वहीला मात्र समास नसतो. तिच्यांत वीस घरें ठेवलीं असतील, तर एकविसावें अक्षर एक तर नाकारलें जातें, नाहीं तर न बोलतां टाकून दिलें जातें. यांतला दुसरा प्रकार पहिल्याहून वाईट. कारण त्याची खबर कोणालाच लागत नाहीं.

संगणकांतील माहितीच्या या कोठाराला सर्वत्र डेटाबेस म्हणतात. बँकेचें खातें, रेल्वेचें तिकीट, रुग्णालयांतील नोंद, हें सर्व तेथें रकान्यारकान्यांनीं भरलेलें असतें. त्या रकान्यांची लांबी कोणीं व कशावरून ठरविली, याचा इतिहास सहसा कोणी सांगत नाहीं. तो कंटाळवाणा असावा असा समज आहे. परंतु त्याच्या उत्तरार्धांत मराठी लिपीचा थेट संबंध येतो, आणि मराठी माणसाला आपल्याच नांवासाठीं अधिक भाडें कां भरावें लागलें, याचें उत्तर त्यांत सांपडतें.

आरंभ कागदाच्या कार्डापासून होतो. १८९० सालच्या अमेरिकन शिरगणतीसाठीं हर्मन हॉलेरिथ यानें छिद्रांचीं कार्डें व तीं मोजणारीं यंत्रें वापरलीं. वय, जन्मस्थान, धंदा अशा गोष्टी त्यांत छिद्रांनीं दाखविल्या जात. माणसाच्या नांवाला तेथें जागा नव्हती. पुढें अक्षरेंहि छिद्रांनीं लिहिण्याची सोय झाली. १९२८ सालीं आय.बी.एम. कंपनीनें ८० उभ्या ओळींचें कार्ड काढलें, आणि पुढील चार-पांच दशकें व्यवहारी जगाची मोजपट्टी तेंच कार्ड होऊन बसलें. एका ओळींत एक अक्षर. म्हणजे साऱ्या माणसासाठीं ऐंशी अक्षरें. नांवाला पंचवीस दिलीं तर पत्त्याला, खातेक्रमांकाला व रकमेला मिळून पंचावन्न उरत. या ओढाताणींतून वर्षाचे दोन आंकडे गाळण्याची संवय लागली, आणि १९०० कोणतें व २००० कोणतें हें यंत्राला कळेना म्हणून शतकाच्या अखेरीस केवढी धांवपळ उडाली, तें सर्वांच्या स्मरणांत आहे.

कार्ड गेलें आणि चुंबकीय तबकडी आली, तरी कार्डाची रीत मात्र गेली नाहीं. रकाना ठराविक लांबीचाच राहिला. साठ घरांच्या रकान्यांत ‘राम’ हें नांव लिहिलें, तरी साठच घरें अडत. उरलेल्या घरांत कोरी जागा भरून ठेवीत. त्या काळीं तबकडीवरची जागा फार महाग होती. लाखों खात्यांच्या यादींत अशी कोरी जागा सांठवून ठेवणें म्हणजे रिकाम्या पोत्यांसाठीं वखारीचें भाडें भरणेंच होय. तेव्हां जितकें नांव तितकीच जागा द्यावी, ही कल्पना सहजच सुचली. अशा रकान्याला बदलत्या लांबीचा रकाना म्हणतात. इंग्रजी आज्ञावलींतील त्याचें नांव व्हारचार.

पण लांबी बदलती ठेवली कीं एक नवा प्रश्न उभा राहतो. एक नांव कोठें संपलें व दुसरें कोठें सुरू झालें, हें यंत्रानें ओळखावें कसें? याला दोन उपाय आहेत. पोथींत दोन दंड देऊन श्लोक संपवितात, त्याप्रमाणें शेवटीं एक खूण ठेवावी, हा पहिला. बेल प्रयोगशाळेंत डेनिस रिची यानें १९७० नंतरच्या पहिल्या वर्षांत रचलेल्या सी भाषेनें हा मार्ग धरला. दुसरा उपाय असा कीं, गांठोड्यावर आधींच चिठ्ठी लावावी: आंत इतके नग आहेत. डेटाबेस रचणारांना बहुधा हाच मार्ग सोईचा वाटला. कारण चिठ्ठी वाचली कीं मधला मजकूर न चाळतां पुढच्या गांठोड्यापाशीं उडी मारतां येते.

सगळी गोम या चिठ्ठींत आहे. चिठ्ठीलाहि जागा लागते, आणि ती जागा जेवढी, तेवढाच मोठा आंकडा तिच्यावर लिहितां येतो. १९६४ सालीं आय.बी.एम.च्या सिस्टिम ३६० या संगणकांनीं आठ खुणांचा एक गट हें माप रूढ केलें. त्या गटाला बाइट म्हणतात. आठ दिव्यांची एक रांग कल्पावी. प्रत्येक दिवा लागलेला किंवा विझलेला असूं शकतो. तेव्हां त्या रांगेच्या एकंदर २५६ तऱ्हा होतात. सर्व विझलेले म्हणजे शून्य, सर्व लागलेले म्हणजे २५५. चिठ्ठीसाठीं एक बाइट दिला कीं गांठोड्यांत २५५ हून अधिक नग असूंच शकत नाहींत. जगांतल्या असंख्य रकान्यांवर २५५ हा आंकडा बसला, तो असा. माणसाचें नांव, पत्ता किंवा पुस्तकाचें शीर्षक किती लांब असूं शकतें याचा विचार त्यामागें मुळींच नव्हता. लांबी लिहिण्याची जागा ठरली, आणि लांबी तिच्या मागोमाग आली.

या कोठारांचा शास्त्रीय पाया एडगर कॉड यानें १९७० सालच्या आपल्या प्रबंधांत घातला. चार वर्षांनीं, त्याच आय.बी.एम. कंपनींतील चेंबरलिन व बॉइस यांनीं कोठाराला प्रश्न विचारण्याची भाषा मांडली. एसक्यूएल या नांवानें ती पुढें जगभर पसरली. बदलत्या लांबीचा रकाना व्यवहारांत लवकरच रुळला होता, तरी त्या भाषेच्या प्रमाणग्रंथांत त्याला १९९२ च्या आवृत्तींत स्थान मिळालें. तोंवर प्रत्येक कंपनीनें आपापली मर्यादा आंखून टाकली होती. भारतांतील अनेक लहानमोठ्या कचेऱ्यांनीं पहिला डेटाबेस पाहिला तो डीबेस या नांवाचा. त्यांत अक्षरांचा रकाना २५४ घरांहून लांब करतां येत नसे. त्याहून मोठा मजकूर ‘मेमो’ नांवाच्या निराळ्या फाइलींत जाई, आणि मुख्य वहींत फक्त त्याचा पत्ता राही.

१९९५ सालीं आलेला मायएसक्यूएल हा डेटाबेस फुकट मिळे, म्हणून तो घरोघर पोंचला. त्यांतहि २००५ पर्यंत या रकान्याची कमाल लांबी २५५ च होती. तिच्याहून त्याची एक खोड अधिक घातक होती. रकान्यांत न मावणारा मजकूर आला, तर तो बसेल तेवढा ठेवी, उरलेला कापून टाकी आणि केवळ एक सूचना नोंदवी. ती सूचना वाचावयास सहसा कोणी जात नसे. शिस्त कडक ठेवण्याची सोय मागाहून झाली. पण न सांगतांच कडक शिस्त लागूं होण्यास २०१५ सालची आवृत्ति यावी लागली. सज्जन कारकून कधीं असें करीत नाहीं. नांव मावेना तर तो निदान मास्तरांना विचारतो.

चिठ्ठीसाठीं एकाऐवजीं दोन बाइट दिले, तर मर्यादा एकदम ६५,५३५ वर जाते. २००५ सालीं मायएसक्यूएलनें तेंच केलें. पण हा आंकडा एका रकान्याचा नसून सबंध ओळीचा, म्हणजे सर्व रकाने मिळून आहे. इतरांना चिठ्ठीच्याहि आधीं निराळी भिंत लागली. तबकडीवरची माहिती पानापानांनीं ठेवलेली असते, आणि एक ओळ एका पानाबाहेर जाऊं नये असा नियम असे. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरचें पान १९९८ पूर्वीं दोन हजार बाइटांच्या आसपास होतें व रकान्याची सीमा २५५ होती. त्या वर्षीं पान आठ हजार एकशें ब्याण्णव बाइटांचें झालें, आणि सीमा ८,००० वर गेली. ओरॅकलची मर्यादा सातव्या आवृत्तींत २,०००, आठवींत ४,००० आणि २०१३ सालच्या बाराव्या आवृत्तींत, मागितल्यास, ३२,७६७ बाइट अशी चढत गेली.

पानाची ही भिंत सर्वांत कौशल्यानें ओलांडली ती पोस्टग्रेसनें. २००१ सालच्या त्याच्या ७.१ या आवृत्तींत अशी योजना आली कीं, ओळ फार लांबली तर मोठा मजकूर आधीं दाबून लहान करावा. तरीहि मावेना तर त्याचे सुमारें दोन-दोन हजार बाइटांचे काप करून ते शेजारच्या गुप्त वहींत ठेवावे, आणि मूळ ओळींत फक्त खूण ठेवावी. या योजनेच्या लांबलचक इंग्रजी नांवाचीं आद्याक्षरें जुळवून त्यांनीं तिला टोस्ट म्हटलें. पावाच्या कापांवरचा हा विनोद ग्रंथालयांतल्या विद्वानांना रुचो वा न रुचो, काम मात्र चोख झालें. तेव्हांपासून तेथें एका रकान्याची मर्यादा सुमारें एक गिगाबाइट, म्हणजे शंभर कोटींहून अधिक बाइट इतकी आहे.

येथवर सारा हिशेब बाइटांचा झाला. बाइट म्हणजे अक्षर, असें धरून हीं सर्व मापें आंखलेलीं होतीं, आणि इंग्रजीपुरतें तें खरेंहि होतें. १९६३ सालीं अमेरिकेंत ठरलेल्या ॲस्की या संकेतांत एकंदर १२८ चिन्हें होतीं. रोमन अक्षर एका बाइटांत आरामांत बसे. देवनागरीची गोष्ट निराळी पडली.

भारतीय लिपींसाठीं संकेत ठरविण्याचें काम कानपूरच्या आय.आय.टी.मध्यें सुरू झालें, आणि १९८८ पासून पुण्याच्या सी-डॅक संस्थेंत तें पुढें चाललें. त्यांतून १९९१ सालीं भारतीय मानक संस्थेचें इस्की हें प्रमाण निघालें. त्याची रचना मोठी शहाणपणाची होती. बाइटाच्या २५६ तऱ्हांपैकीं खालच्या १२८ रोमनला, वरच्या भारतीय अक्षरांना. आणि देवनागरी, गुजराती, बंगाली, तामीळ या सर्वांचा ‘क’ एकाच जागीं. या हिशेबांत मराठी मजकुराचें प्रत्येक चिन्ह एका बाइटांतच मावे. ‘लक्ष्मीबाई’ हें नांव घ्यावें. कानाला व डोळ्याला त्यांत चार अक्षरें आहेत: ल, क्ष्मी, बा, ई. यंत्र मात्र तीं सुटीं करून मोजतें: ल, क, हलन्त, ष, हलन्त, म, दीर्घ वेलांटी, ब, काना, ई; एकंदर दहा चिन्हें. इस्कींत त्याला दहा बाइट पडत. रोमनमध्यें तेंच नांव आठ बाइटांत बसतें. तेव्हां फरक फारसा नव्हता.

त्याच १९९१ सालीं युनिकोडची पहिली आवृत्ति निघाली. जगांतील सर्व लिपींना एकाच क्रमांकमालिकेंत बसवावें, हा तिचा उद्देश. देवनागरीची मांडणी तिनें इस्कीच्याच आधींच्या आराखड्यावरून घेतली, आणि तिला २३०४ पासूनचे क्रमांक दिले. पुढच्याच वर्षीं, १९९२ च्या सप्टेंबरांत, केन टॉम्प्सन व रॉब पाइक यांनीं न्यू जर्सीतील एका खाणावळींत, ताटाखालच्या कागदावर, हे क्रमांक बाइटांत मांडण्याची यूटीएफ-८ ही पद्धति रचली. आज जाळ्यावरचा बहुतेक सर्व मजकूर याच पद्धतीनें लिहिला जातो. तिचा नियम सोपा आहे. १२७ पर्यंतचा क्रमांक एका बाइटांत. २०४७ पर्यंतचा दोन बाइटांत. ६५,५३५ पर्यंतचा तीन बाइटांत. त्यापुढचा चार बाइटांत.

ग्रीक, रशियन, हिब्रू व अरबी या लिपी २०४७ च्या आंत आहेत. त्यांना दोन बाइट पडतात. देवनागरी २३०४ ला सुरू होते. दोनशें सत्तावन्न जागांनीं तिची दोन बाइटांची गाडी चुकली. यांत कोणाचा दुष्टावा नव्हता. क्रमांक वाटणारांनीं युरोपकडून पूर्वेकडे येतां येतां क्रमांक वांटले, आणि बाइटांचा नियम त्यानंतर एका वर्षानें निराळ्याच माणसांनीं केला. परंतु परिणाम व्हावयाचा तो झालाच. ‘लक्ष्मीबाई’चीं दहा चिन्हें तिप्पट होऊन तीस बाइट झालीं. वीस बाइटांच्या रकान्यांत आठ बाइटांची रोमन लक्ष्मीबाई ऐसपैस बसते. मराठी लक्ष्मीबाई मावत नाहीं. ‘ज्ञानेश्वर’चेंहि तसेंच, ‘पुरुषोत्तम’चेंहि तसेंच.

ज्या कार्यक्रमांनीं अशा वेळीं मजकूर बाइट मोजून कापला, त्यांनीं तर विटंबनाच केली. वीस बाइटांत सहा चिन्हें पुरीं बसतात व दोन बाइट उरतात. म्हणजे ‘लक्ष्म’ एवढेंच शिल्लक राहतें आणि पुढें मोडक्या अक्षराचा एक चौकोन. बाई गेली, आणि लक्ष्मीची वेलांटीहि गेली. ४,००० बाइटांचा ओरॅकलचा रकाना इंग्रजी लेखकाला चार हजार अक्षरांचा भासे. मराठी लेखकाला तो १,३३३ चिन्हांचा, आणि जोडाक्षरें, काने, मात्रा धरून पाहिलें तर त्याहूनहि पुष्कळ कमी अक्षरांचा होता.

हें गाऱ्हाणें एकट्या मराठीचें नव्हे. हिंदी, थाई, चिनी, जपानी, सर्वांचेंच होतें. म्हणून २००१ च्या सुमारास ओरॅकलनें बाइट मोजावे कीं चिन्हें मोजावीं, हें रकाना आंखणाऱ्याच्या हातीं दिलें; पण कांहीं न सांगितल्यास मोजणी बाइटांचीच राहिली, आणि बहुतेक आंखणारे कांहीं सांगत नाहींत. मायएसक्यूएलनें २००४ पासून चिन्हें मोजावयास सुरुवात केली. चिन्हें मोजल्यानेंहि प्रश्न पुरता सुटत नाहीं. पांच चिन्हांवर कापलें तर ‘लक्ष्’ असा लटकता हलन्त उरतो, आणि असें अक्षर कोणी मराठी माणूस लिहीत नाहीं. क्ष्मी हें एकच अक्षर आहे, तें मध्यें तोडूं नये, हा नियम देवनागरीच्या जोडाक्षरांपुरता युनिकोडच्या सर्वसामान्य नियमावलींत येण्यास २०२३ साल उजाडावें लागलें. बाराखडी शिकलेलें पोर तें पहिल्या वर्षीं सांगतें.

मोबाइलच्या लघुसंदेशांत हाच भेद खिशाला जाणवला. एका संदेशाला १४० बाइट ठरलेले. रोमन अक्षर तेथें आठ नव्हे, सात खुणांत बसवितात, म्हणून १६० अक्षरें मावतात. देवनागरीला तेथें प्रत्येक चिन्हामागें दोन बाइट पडतात. म्हणून मर्यादा सत्तर. सत्तरांतलीं दहा एकट्या लक्ष्मीबाईनें घेतल्यावर निरोपाला साठ उरतात. मराठी माणसें रोमन लिपींत मराठी लिहूं लागलीं, याला कीबोर्डाची अडचण व आळस हीं कारणें होतींच. पण एकाच्या जागीं दोन संदेशांचे पैसे हें कारणहि त्यांत होतें, हें भाषेच्या कैवाऱ्यांनीं लक्षांत घ्यावयास हवें होतें.

मराठीशीं संबंध असलेली आणखी एक गोष्ट या इतिहासांत आहे, आणि ती मोडीची. मायएसक्यूएलनें आपल्या युनिकोड रकान्यांत एका चिन्हाला तीनच बाइटांची परवानगी दिली होती. देवनागरी त्यांत बसे. म्हणून मराठी वापरणाराला हा दोष दिसला नाहीं. पण ६५,५३५ च्या पुढचें चिन्ह आलें कीं तेथून पुढचा सर्व मजकूर कापला जाई. लोकांनीं संदेशांत हंसऱ्या चेहऱ्यांचीं चित्रें घालण्यास सुरुवात केली. त्यांना चार बाइट लागतात, आणि एका चेहऱ्यापायीं पुढचें सारें पत्र नाहीसें होऊं लागलें. २०१० सालीं चार बाइटांचा नवा प्रकार काढून ही चूक दुरुस्त करण्यांत आली. मोडी लिपीला युनिकोडमध्यें जागा मिळाली ती २०१४ सालीं, आणि तिचे क्रमांक ७१,१६८ पासून सुरू होतात. म्हणजे मोडीच्या प्रत्येक चिन्हाला चार बाइट हवेत. ज्या लिपींत पेशवे दप्तराच्या लाखों कागदांचा व्यवहार झाला, त्या लिपीचें एक अक्षरहि तीन बाइटांच्या जुन्या रकान्यांत राहूं शकत नाहीं. हंसऱ्या चेहऱ्यांचा उपद्रव झाला नसता, तर मोडीसाठीं कोणीं हा दरवाजा इतक्या लवकर रुंद केला असता, असें वाटत नाहीं.

दरवाजा रुंद झाला तेव्हां जुना २५५ पुन्हां आडवा आला. कोठारांत लवकर शोध लागावा म्हणून रकान्याची सूचि करतात. ग्रंथाच्या शेवटीं असते तशीच. मायएसक्यूएलच्या सूचींत एका रकान्याला ७६७ बाइटांची सीमा होती. २५५ चिन्हें, प्रत्येकी तीन बाइट, म्हणजे ७६५; तें नेमकें बसे. चार बाइट धरतांच तें १,०२० झालें, आणि सूचि होईना. तेव्हां लोकांनीं ७६७ ला चारांनीं भागलें, १९१ आले, आणि तितकीच लांबी सूचीला देऊन टाकली. २०१५ सालीं वर्डप्रेस या सर्वदूर वापरल्या जाणाऱ्या प्रकाशनयंत्रणेनेंहि तेंच केलें. पुढें सूचीची सीमा ३,०७२ वर गेली, आणि २०१८ सालच्या मायएसक्यूएल ८.० मध्यें चार बाइटांचा प्रकार हाच मूळ प्रकार ठरला. अडचण गेली, तरी १९१ हा आंकडा अनेक कोठारांत अजून बसलेला आहे, आणि नव्या रकान्याला लांबी किती द्यावी असें विचारलें, तर पुष्कळसे कारागीर अद्यापहि फारसा विचार न करतां २५५ लिहितात.